बलभीमच्या काट्यावरचं हेलिकॉप्टर

येरमाळा,
४ नोव्हेंबर २०२४

॥ येडेश्वरी प्रसन्न ॥

शंत्या,

पाकीट बघून दचकला असशील. या जमान्यात जो पत्र लिहितो तो एक तर येडा असतो, नाहीतर त्याला काहीतरी लपवायचं असतं. माझं दोन्ही आहे. फोनवर बोलावं तर दुकानात चोवीस कान, आणि तू उचललास तरी ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणणार. शिवाय मला आकडे विचारायचेत. आकडे कागदावरच बरे.

तर ऐक. मी हेलिकॉप्टर करतोय. खेळण्यातलं नाही, एक माणूस बसेल असं. दुकानामागच्या शेडमध्ये दोन वर्षं चाललंय. दिवसा पेरणीयंत्रं आणि ट्रॉल्या, संध्याकाळी हे. जुन्या गाडीचं पेट्रोल इंजिन आहे, सांगाडा पाइपाचा, पाती दोन. पात्याला आतून सागवानी कणा आणि वरून अल्युमिनियमचा पत्रा. मागच्या आठवड्यात पाती फिरवली तर शेडचे दोन पत्रे उडाले. तुझी अर्पितावहिनी म्हणाली, “हेलिकॉप्टर न्हाय उडालं, पर घर तरी उडालं.”

आता मला एवढंच सांग : ही पाती किती वजन उचलतील? ते काढायचं कसं? आपल्या अख्ख्या वर्गात विमानाचं शिक्षण घेतलेला तू एकटा.

आणि एक. ९ फेब्रुवारीला गुरुजींना पंच्याहत्तर पूर्ण होतात. त्या दिवशी त्यांच्यासमोर दोन फूट उचलायचं. उडायचं नाही, परवानगीच्या भानगडीत पडायचं नाही. चार खुंट, चार दोर आणि दोन फूट. गुरुजींना सगळं ठाऊक आहे, रोज दुपारी शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. तुला अजून सांगू नको म्हणून मीच त्यांना बजावलं होतं.

तुझा,
योगीराज


पुणे,
१३ नोव्हेंबर २०२४

प्रिय योगी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं थट्टा करतोयस.

बाबा रोज शेडमध्ये बसतात हे मला माहीत नव्हतं. माझ्याशी ते रविवारी फोनवर तीन मिनिटं बोलतात, त्यातली दोन पावसापाण्यावर जातात. तुझ्याकडे रोज दुपारभर बसतात म्हणजे गुडघे बरे असावेत. इथे यायचं म्हटलं की दुखतात.

आता तुझ्या यंत्राबद्दल. वाईट वाटून घेऊ नकोस, पण पाती फिरणं वेगळं आणि उचलणं वेगळं. मी गेली अठरा वर्षं पात्यांचीच गणितं करतो, हे तुला माहीत आहे. तीही कूलिंग टॉवरच्या पंख्यांची, हेही माहीत आहे. माझ्या पंख्यांनी आजवर एक चिमणीसुद्धा उचललेली नाही, उलट दोन-चार मारल्या. तरी नियम तेच असतात.

मला हे कळव : पात्याची लांबी मधल्या धुऱ्यापासून टोकापर्यंत, रुंदी, कल किती अंशांचा, मिनिटाला फेऱ्या किती, यंत्राचं वजन किती. अंदाजानं लिहू नकोस, मोजून लिही. दुकानात फूटपट्टी असेल असं धरतो.

भूकंपाच्या वर्षी शाळेमागच्या माळावर हेलिकॉप्टर उतरलं होतं, आठवतं? तेव्हा मी म्हणालो होतो, मी मोठेपणी हे करणार. आणि तू म्हणाला होतास, तू कर, मी पुसत जाईन.

शंतनू


येरमाळा,
२१ नोव्हेंबर २०२४

शंत्या,

आठवतं की. पुसायला फडकंही आणून ठेवलं होतं. तीस वर्षं वाट बघितली, तू काही आणलं नाहीस, मग म्हटलं आपणच करावं. आता पुसायला तू ये.

चिडू नको. चेष्टा केली.

मोजमाप घे. पातं धुऱ्यापासून टोकापर्यंत साडेतीन मीटर, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात. रुंदी वीस सेंटीमीटर. कल सहा अंश. गुरुजींनी त्यांचा वर्गातला लाकडी कोनमापक आणून स्वतः मोजला. फेऱ्या चारशे तीस. यंत्र दोनशे चाळीस किलो, मी साठ. म्हणजे तीनशे उचललं की जिंकलो.

गुरुजी लई खुशीत आहेत. परवा गौराबाई दूध घालायला आली तर तिला म्हणाले, “ह्या पोराच्या हाताला डोळे हायेत.” मला लाजल्यासारखं झालं. तुला सांगावं की नाही असं वाटलं, पण तुझे वडील आहेत, त्यांनी केलेलं कौतुक तुला कळायला हवं.

खरं सांगू, तुझा मला लहानपणापासून हेवा वाटतो. मी आयटीआयला गेलो आणि तू इंजिनिअरिंगला, त्या दिवशी मी एसटी स्टँडवर तुला पोचवायला आलो होतो. हसत होतो, पण पोटात पेटलं होतं. आता पेटत नाही. ते सगळं या यंत्रात गेलं.

आकडा कळव.

योगीराज


पुणे,
१० डिसेंबर २०२४

प्रिय योगी,

उशीर झाला. कामं होती.

आकडा असा : तुझी पाती चारशे तीस फेऱ्यांना अंदाजे तीनशे वीस किलो उचलतील. येरमाळ्याची उंची आणि फेब्रुवारीतलं दुपारचं ऊन धरलं आहे. उन्हात हवा विरळ होते, उचल थोडी घटते. रीत सोपी आहे. पात्याचं क्षेत्रफळ, टोकाच्या वेगाचा वर्ग, हवेचा दाटपणा आणि कलामुळे येणारी ताकद यांचा हिशेब. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की फेऱ्या दुप्पट केल्या तर उचल चौपट होते, आणि कल वाढवला तर साधारण त्याच प्रमाणात उचल वाढते. पण कल फार झाला की पातं हवा कापायचं सोडून हवेशी भांडायला लागतं.

म्हणजे तू जिंकतोस, निसटता. कागदावर तरी. पण कागदावर बसून कोणी उडत नाही. प्रत्यक्ष मोजल्याशिवाय त्यात बसू नकोस.

हेवा वाटायचा असं लिहिलंस. गंमत वाटली. इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीस.

बाबांच्या वाढदिवसाला मी शाल आणि मनगटी घड्याळ घेतलं आहे. घड्याळ नाडीचे ठोके मोजतं. तुझ्या कार्यक्रमापुढे ते कुणाला दिसेल की नाही, माहीत नाही.

शंतनू


येरमाळा,
५ जानेवारी २०२५

शंत्या,

मोजलं! आणि तुझं गणित निम्म्यानं आपटलं, इंजिनिअरसाहेब.

मोजायचं कशावर, हा प्रश्न होता. मग डोक्यात आलं, बलभीमचा काटा. हायवेवर उसाच्या गाड्या, कडब्याचे ट्रक तोलतात तो. तीन मीटर रुंद, नऊ मीटर लांब. एवढा पोलादी पत्रा आपल्याला कुठं मिळणार? बलभीम म्हणाला, “आजवर बैल तोलले, नवरदेवाची गाडी तोलली, आता इमान तोलू.” रविवारी दुपारी ट्रॉलीवर घालून नेलं, काट्याच्या मधोमध ठेवलं. उडून जाऊ नये म्हणून एकशे साठ किलो वाळूची पोती सांगाड्याला बांधली. सगळं मिळून चारशे किलो. मी बाहेर उभा राहून तारेनं इंजिन चालवलं. चारशे तीस फेऱ्या. बलभीम आतून ओरडला, “अडीचशे!”

चारशेचे अडीचशे झाले. म्हणजे उचल फक्त दीडशे. तीनदा केलं, तीनदा तेच. काटा मागच्याच महिन्यात तपासून शिक्का मारून घेतलेला आहे, म्हणजे त्यात खोट नाही.

लोक हसले थोडे. गुरुजी नाही हसले. ते म्हणाले, “शंतनूनं पुस्तकातलं गणित मांडलं असंल. त्याला हातानं करायची सवय न्हाय.” मी म्हटलं, जाऊ द्या, पुण्यात बसून त्यानं केलं तेवढं लई झालं.

आता तू सांग, खरं कुणाचं धरू? तुझ्या गणिताचं की काट्याचं? मला वाटतं काट्याचं. पण तू म्हणशील ते मी करणार. महिना राहिलाय.

योगीराज


(हे पत्र टाकलं गेलं नाही.)

पुणे,
९ जानेवारी २०२५

योगी,

काट्याचं धरू नकोस. माझं गणित बरोबर आहे.

पात्यांनी खाली ढकललेला वारा कुठे गेला, हा प्रश्न तुमच्यापैकी एकालाही पडला नाही. तो काट्यावर गेला! काटा तीन मीटर रुंद आणि पाती सात मीटरची. निम्म्याहून जास्त वारा त्या पोलादी पत्र्यालाच दाबत होता. वरून यंत्र हलकं होत होतं आणि खालून त्याचाच वारा काट्यावर वजन टाकत होता. बलभीमला जे दिसलं ती उरलीसुरली उचल. खरी तीनशे वीसच आहे. यंत्र मोकळ्या जमिनीवर ठेव, खुंटाला दोर बांध, दोरात लटकता काटा अडकव आणि किती ताण येतो बघ.

हे आपल्याला सातवीत शिकवलंय. बाबांनी वर्गात वाण्याचा तराजू आणला होता. पारड्याला फुगा बांधला. फुग्याची हवा पारड्यावरच सोडली तर पारडं हललं नाही, पारड्याबाहेर खाली सोडली तर वर गेलं. बाबा म्हणाले होते, “आपल्याच पाटावर उभं राहून आपलाच पाट उचलता येत नाही.” तू त्या दिवशी शाळेत नव्हतास. तुमच्याकडे तुरीची काढणी होती.

हे लिहून मी अर्धा तास बसलो आहे. हे पत्र टाकलं तर मी खरा ठरतो. आणि तू उडतोस. बाबांच्या समोर, बाबांच्या दिवशी. मी बाजूला शाल घेऊन उभा.

हेलिकॉप्टर माझं होतं, योगी. मी ते आधी म्हणालो होतो. तू माझी इच्छा घेतलीस, माझी भूकंपाच्या वर्षीची दुपार घेतलीस, आणि माझा बापही शेडमध्ये खुर्ची टाकून बसवलास. मला हातानं करायची सवय नाही, असं ते गावाला सांगतात. माझ्याबद्दल. तुझ्यासमोर.


पुणे,
१३ जानेवारी २०२५

प्रिय योगी,

काट्याचं खरं धर. मी कागदावर चुकलो असणार. आमची गणितं चांगल्या घडवलेल्या पात्यांची असतात. घरगुती पात्यांना ती लागू पडतीलच असं नाही. दीडशे म्हणजे दीडशे.

माझा सल्ला विचारशील तर आता सोडून दे. महिन्याभरात निम्मी उचल भरून काढणं शक्य नाही. तू इथवर आणलंस हेही कमी नाही. बाबांसमोर नुसतं फिरवून दाखव, टाळ्या तेवढ्याच पडतील.

संक्रांतीच्या शुभेच्छा. वहिनींना आणि मुलांना तिळगूळ.

शंतनू


येरमाळा,
२४ जानेवारी २०२५

शंत्या,

तू इतक्या सहज ‘मी चुकलो’ म्हणालास की मलाच कसंतरी झालं. शाळेत अर्ध्या मार्कासाठी गुरुजींशी भांडणारा तू. मोठा झालास. मी ते पत्र गुरुजींना वाचून दाखवलं. ते चष्मा पुसत बसले.

पण सोडून दे म्हणतोस ते काही जमायचं नाही. शेतकऱ्याच्या पोराला निम्मं पीक आलं म्हणून शेत सोडता येत नाही. तूच लिहिलं होतंस ना, कल वाढवला तर उचल त्याच प्रमाणात वाढते? मग वाढवला. सहाचे दहा अंश केले. अजून थोडी कसर राहील, ती फेऱ्या वाढवून भरू. इंजिन तेवढं झेपवतं. पुन्हा काट्यावर न्यायला वेळ नाही, बलभीमकडं उसाच्या गाड्यांची रांग लागलीय.

आदल्या दिवशी, म्हणजे आठ तारखेला शनिवारी, शेडमागच्या अंगणात मी बसून तालीम घेणार. हिशेब सोपा आहे. जुन्या कलावर चारशे तीसला दीडशे किलो. नव्या कलावर फार तर अडीचशे. म्हणजे चारशे तीसपर्यंत जागचं हलणारसुद्धा नाही. तोवर इंजिन गरम करू, आवाज ऐकू. मग थांबवू, दोर बांधू आणि पुढं जाऊ. तू बघ, यात काही चुकतंय का. चुकत असेल तर लिही. पत्र पोचायला उशीर होईल असं वाटलं तर फोन कर, चोवीस कान असले तरी चालतील.

नाही आलं काही तर बरोबर आहे असं धरतो.

योगीराज


येरमाळा,
११ फेब्रुवारी २०२५

चि. शंतनू यास अनेक आशीर्वाद.

शनिवारी फोनवर घाईत सांगितलं, सगळं नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहून कळवतो.

आठ तारखेला सकाळी योगीराज यंत्रात बसला. दोर बांधायचे होते, पण त्याच्या हिशेबानं अजून वेळ होता. मी समोर पंधरा हातांवर खुर्चीवर होतो. बलभीम फेऱ्यांचा काटा मोठ्यानं वाचत होता. तीनशे तीस म्हणाला आणि यंत्र एका अंगानं उठलं. कुणालाच ते अपेक्षित नव्हतं. योगीनं पट्टासुद्धा बांधलेला नव्हता. ते कललं, पातं भुईत गेलं, फुटलं, एक तुकडा माझ्या डोक्यावरून शेडमध्ये घुसला.

त्याला उडी मारता आली असती. सगळे म्हणतात, मारायला हवी होती. त्यानं इंजिन बंद करायला उजवा हात आत घातला, कारण यंत्र फरफटत माझ्याकडं येत होतं. इंजिन बंद पडलं. हात मनगटापासून चिरडला. सोलापूरला शस्त्रक्रिया झाली. दोन बोटं गेली. बाकीची चालतील की नाही, डॉक्टर आज सांगत नाहीत. लेथवर पुन्हा उभा राहील का, हे त्यांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

वाढदिवस झाला नाही, ते बरंच झालं. घड्याळ पोचलं. माझी नाडी अजून चालू आहे असं ते सांगतं.

एक काम कर. योगी म्हणाला की तू गणित तपासलं होतंस. काटा दीडशे म्हणत होता, मग ते तीनशे तीसलाच कसं उठलं? चूक कुठं राहिली ते त्याला लिहून कळव. त्याच्या मनाला तेवढाच घोर लागलाय, स्वतःलाच दोष देतो. मलाही समजून घ्यायचं आहे. मी अजून विद्यार्थीच आहे.

बाबूराव


पुणे,
१६ फेब्रुवारी २०२५

योगी,

सोबत दुसरा कागद आहे, ९ जानेवारीचा. तो आधी वाच. तो मी तेव्हाच लिहिला होता आणि टाकला नव्हता.

वाचलास? मग आता तुला ठाऊक आहे. काट्यात खोट नव्हती, तुझ्यातही नव्हती. उचल तीनशे वीस होती. त्यावर तू कल वाढवलास, म्हणजे ते चारशे तीसच्या कितीतरी आधी उठणार हे उघड होतं. तुझं चोवीस तारखेचं पत्र मला अठ्ठावीसला मिळालं. ‘दोर बांधू’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. मी फोन केला होता. तुला नसेल माहीत. दुकानातला फोन बलभीमनं उचलला, “योगी शेडमदी हाय, थांबा, बोलावतो,” म्हणाला. मागून बाबा हसत होते. मोकळं, पोट धरून. मी त्यांना तसं हसताना शेवटचं कधी ऐकलं ते मला आठवेना. मी फोन ठेवला. म्हटलं, उद्या करू. रोज उद्या करू म्हणत गेलो.

तुला इजा व्हावी असं मला वाटत नव्हतं. तू उडू नयेस असं वाटत होतं. तू सोडून देशील असं मी धरून चाललो होतो, आणि तू कधीच काही सोडत नाहीस हे मला सातवीपासून माहीत आहे. म्हणजे हेही कारण खरं नाही.

माझा जळफळाट तुझ्या हातावर गेला. ज्या हाताचं बाबा कौतुक करायचे, त्याच हातावर. आणि त्या हातानं तू माझा बाप वाचवलास.

क्षमा मागत नाही. ती मागायची लायकी नाही. बाबांनी चूक कुठे राहिली ते लिहायला सांगितलं आहे. ती ही. हे पत्र त्यांना दाखवायचं की नाही, ते तू ठरव. दाखवलंस तर मी तक्रार करणार नाही.

शंतनू


येरमाळा,
२७ फेब्रुवारी २०२५

शंतनू,

डाव्या हातानं लिहितोय, म्हणून थोडक्यात. चार दिवस लागले एवढ्याला.

तुझं पत्र आलं तेव्हा गुरुजी खाटेजवळच होते. पाकिटावरचं अक्षर त्यांनी ओळखलं. मला एका हातानं फोडता येईना, त्यांनीच फोडलं. म्हणाले, “आण, मी वाचून दावतो.” मी म्हटलं, नको, डोळे धड आहेत माझे. त्यांच्यासमोर दोन्ही कागद वाचले. तोंड वाकडं झालं ते हाताच्या दुखण्यावर खपलं.

वाचून झाल्यावर म्हणाले, “काय लिव्हतोय? कुठं चुकलं?”

मी त्यांना वाऱ्याचं समजावलं. पात्यांचा वारा काट्यालाच दाबत होता, म्हणून वजन कमी घटलं. ते म्हणाले, “मग शंतनूला हे आधी कळलं न्हाई का?”

मी म्हटलं, न्हाई गुरुजी. त्याला ते येत नव्हतं.

मग म्हणाले, “तराजू आन् फुगा. मी दरवर्षी करून दावायचो. तुमच्या वर्षी राहून गेलं असणार. चूक माझीच की मग.” दुसऱ्या दिवशी अर्पितासमोर हात जोडून उभे राहिले, म्हणाले, “पोरी, मी शिकवायला चुकलो आन् तुझ्या नवऱ्याचा हात गेला.” तिनं त्यांचे हात धरून खाली केले. आता शेडकडं येत नाहीत. घरीच असतात.

मी तुझ्यासाठी खोटं बोललो नाही. त्यांच्यासाठी बोललो. या वयात त्यांना, पोराला येत नव्हतं, हे पेलेल असं मला वाटलं. पोराला येत होतं, हे नाही. पण मीही काट्यासारखाच चुकलो. त्यांनी ते वजन स्वतःवर घेतलं.

तुझे दोन्ही कागद मी चुलीत घातले. माझा तुझ्यावर राग आहे, तो राहील. पण पेटत नाही, तेवढं सांगतो. तुझं तुला काय करायचं ते कर. मला पुन्हा पत्र लिहू नको.

योगीराज


पुणे,
४ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांना शंतनूचा साष्टांग नमस्कार.

बाबा, तराजू आणि फुगा राहून गेला नव्हता. १९९४ सालचा डिसेंबर होता, सातवीचा वर्ग. तराजू वाण्याकडून आणला होता आणि फुगा लाल होता. फुगा धरायला तुम्ही मला पुढे बोलावलं होतं. तुम्ही शिकवायला चुकला नाहीत.

योगीनं तुम्हाला सांगितलं की मला ते येत नव्हतं. मला येत होतं. काट्याचा आकडा आला त्याच आठवड्यात मला चूक दिसली होती, आणि ती मी त्याला कळवली नाही. तुम्ही त्याच्याकडे बसता, त्याच्या हाताचं कौतुक करता, हे मला सहन झालं नाही. वहिनींसमोर हात जोडायचे ते मी जोडायचे आहेत. शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो आहे. घरात घेतलंत तर आधी तुमच्यासमोर, मग त्यांच्यासमोर. नाही घेतलंत तर बाहेरूनच त्यांच्याकडे जाईन.

त्या दिवशी वर्गात योगी गैरहजर होता. मी हजर होतो, बाबा.

शंतनू